पाचवा की दहावा

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं मोठ्याने बोल, इथे ट्रक घुरघुरतोय… हां, बारके, तू होय! बोल… कामातच आहे, पण बोल. काटा काही पळून जात नाही."

काट्यावरच्या ताईने मोबाईल खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबला आणि मोकळ्या झालेल्या हाताने पावतीवर शिक्का मारला. बंदराच्या फाटकाशी ट्रक तोलायचा मोठा काटा, त्याला चिकटून काचेची खोली, खोलीत एक टेबल, एक पंखा आणि ही. गेली चौदा वर्षं ही. धाकट्या बहिणीचा फोन आला की एरवी तिला बरं वाटायचं. या मंगळवारपासून वाटेनासं झालं होतं, आणि तसं झालंय हे तिने कोणाला कळूही दिलं नव्हतं.

"हां, ऐकतेय… तांबी बसवली? आज?… सकाळी साडेनऊला. बरं… मग, दुखलं का?… कळ येणारच गं, चार-दोन दिवस येईल अधूनमधून. थोडंफार डागही पडतील, घाबरू नकोस… आता घरी आहेस ना? मग पडून राहा जरा… पडदे धुतेस? आज? बाई आहेस की कोण!… हो, हो, कळलं, तुझा बोटवाला यायचाय. आठच्या गाडीने. कालपासून चारदा सांगितलंस… ओ दादा, मागचं चाक पट्टीच्या आत घ्या! आत!… नाही गं, तुला नाही, ट्रकवाल्याला."

बोटवाला म्हणजे धाकटीचा नवरा. मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम बघायचा. आठ महिन्यांनी घरी येत होता, वीस दिवसांसाठी. या आठ महिन्यांत जिथे जिथे फोन लागला तिथून त्याने बायकोला फोन केला होता, आणि त्यातलं प्रत्येक बोलणं धाकटीने ताईला ऐकवलं होतं. ताईचा नवरा पलीकडच्या खोलीत असायचा. तिथून हाक मारायचाही त्याला कंटाळा यायचा. तेव्हा पडद्यांचं ऐकून ताईच्या पोटात दुखलं, तर त्यात नवल काही नव्हतं.

"माझ्या पडद्यांचं विचारतेस? माझे पडदे जाऊ दे, आमच्या ह्यांना घरात पडदे आहेत हे तरी ठाऊक आहे का विचार… हस, हस… बरं, फोन कशाला केलास ते सांग. पडदे धुतले हे सांगायला नाही ना केलास?… काय? परत बोल… लागू कधी होते? म्हणजे?… बसवली की लगेच काम सुरू की थांबायचं. अगं मग बाईंना विचारायचंस, मी काय डॉक्टर आहे?… विचारलंस. मग काय म्हणाल्या?… लगेच. मग झालं की! पुन्हा मला कशाला?"

तिकडून बराच वेळ बोलणं चाललं. ताईने तेवढ्यात दुसरी पावती फाडली, खिडकीतून बाहेर दिली आणि ट्रक हलल्यावर काट्याचे आकडे शून्यावर येताना पाहिले.

"हो. माझी फेल गेली होती. हो, हीच होती, हार्मोनवाली… म्हणून धास्ती वाटते होय तुला. हं… नाही गं, तांब्याची वेगळी. ती कधीही बसवा, त्याच दिवसापासून काम करते. हार्मोनवालीचं तसं नाही. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवली तर लगेच लागू. त्याच्यानंतर बसवली तर सात दिवस जाऊ द्यायचे. तोवर नवऱ्याला लांब ठेवायचं नाहीतर कंडोम वापरायचा. एवढंच आहे, त्यात मोठं शास्त्र नाही… तपासणाऱ्या बाईंनी विचारलं असेल ना, पाळीचा कितवा दिवस?… मग काय सांगितलंस?… पाचवा. मग झालं तर! पाच म्हणजे सातच्या आत. जा, धू पडदे."

ती फोन ठेवणारच होती. धाकटीने ठेवू दिला नाही.

"आता काय?… हो, सोमवारी सकाळी सात वाजता हजर व्हायचं, माहितीये मला. फळ्यावर लावलंय, माझ्या खिडकीतून दिसतो तो फळा… बूट मिळाले?… हेल्मेटवर नाव पण घातलं! वा… पिवळं का? आमच्या वेळी पांढरं होतं… नाही, काही नाही. सहज म्हटलं. पिवळं उठून दिसेल तुला."

आमच्या वेळी, असं ताई म्हणाली खरी, पण तिची वेळ अशी कधी आलीच नव्हती. नऊ वर्षांपूर्वी क्रेन चालवायच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. पांढरं हेल्मेट तिने घरी आणून आरशासमोर घालूनही पाहिलं होतं. मग दिवस गेले. अठरा महिन्यांचं शिक्षण, चौदा मजल्यांएवढी शिडी, आणि नियम असा की पोटुशी बाईला शिडीवर पाय ठेवता येत नाही, आणि पहिल्या तीन महिन्यांत जागा रिकामी झाली तर ती यादीतल्या पुढच्या नावाला जाते. तिची जागा पुढच्या नावाला गेली. तिला मुलगी झाली, आणि ती काट्यावर परतली.

यंदा तिने पुन्हा अर्ज केला होता. वयाची अट बघता हे शेवटचं वर्ष. धाकटीला अर्ज करायला तिनेच सांगितलं होतं, चल गं, दोघी जाऊ, सोबत होईल म्हणून. मंगळवारी यादी लागली. पहिलं नाव धाकटीचं, दुसरं ताईचं. दोन गुणांनी. आणि जागा एकच.

"काय म्हणालीस?… नाही, आवाज नाही पडलेला माझा. पंख्याचा वारा लागतो तोंडावर… अगं खरंच आनंद झालाय मला. किती वेळा विचारशील? आता काय लिहून देऊ?… पेढा?… हो, खाल्ला ना मंगळवारी. दोन खाल्ले. तुझ्यासमोरच खाल्ले की."

दोन खाल्ले होते हे खरं. घरी जाऊन रात्री तिने जेवणाला हात लावला नव्हता हेही खरं, पण ते फोनवर सांगायचं नव्हतं. पाठीमागे उभी राहिलेली मोठाली निळी क्रेन तिला खिडकीच्या काचेत उलटी दिसायची. मंगळवारपासून तिने खुर्चीच फिरवून घेतली होती. मान अवघडली तरी चालेल, पण ती क्रेन नको.

"ओ, तुमची पावती! पावती विसरलात!… हां, बोल गं… कसली भेट? तो आणतोय?… दुर्बीण! वरच्या केबिनमधून बघायला… वा गं वा. मला एकदा ह्यांनी भेट म्हणून काय आणलं होतं सांगू? उंदराचा पिंजरा. तोही घरात उंदीर नसताना… हस तू. तुझं काय जातंय हसायला… नाही गं चिडले. मला कशाला राग येईल? देतोय नवरा, घेतेस तू, मी कोण मध्ये बोलणारी… बारके, टोमणा नव्हता तो… बरं, होता. थोडासा होता. सोड."

मत्सर ही तशी सोयीची गोष्ट नाही. माणूस परका असला तर त्याचा हेवा करून मोकळं होता येतं. बहीण असली की हेवाही करायचा आणि तिने पडदे धुताना स्टुलावर चढू नये याची काळजीही करायची. ताईला दोन्हीचा वीट आला होता.

"स्टूल घेतलंस का पडदे काढायला?… उतर. आधी उतर खाली! सकाळी तांबी बसवलीय आणि ही बाई स्टुलावर उभी राहून फोन करते… उतरलीस?… हं… बोल आता… कसलं पाकीट?… अगं राहू दे. चार पॅड नेलीस त्यात एवढं काय! माझ्या खणात पडूनच असतात. गेल्या आठवड्यात बुधवारी नेलीस ना? अशी धावत आली होतीस की ट्रकवाले बघत राहिले… हो, परत नको देऊ. राहू दे…"

इथे ताई थांबली.

बुधवार. गेल्या बुधवारी दुपारी धाकटी काट्यावर आली होती, खण उघडायला लावला होता, आत्ताच सुरू झालीय म्हणाली होती. आणि आज शुक्रवार.

टेबलावर रद्द केलेली पावती पडली होती. ताईने ती उलटी केली आणि वर पेनने रेघा मारल्या. बुधवार एक, गुरुवार दोन, शुक्रवार तीन. शनिवार, रविवार. पुढचा सोमवार सहा. मंगळवार सात. मंगळवारी सात दिवस संपलेसुद्धा. बुध, गुरू, शुक्र. दहा रेघा झाल्या.

"आहे, आहे. फोन चालू आहे. एक ट्रक आलाय… तू जरा सांग मला, बाईंना पाचवा म्हणालीस तो कुठून मोजलास?… हो का… रविवारी संपली… सोमवार पहिला. हं… नाही, सहज विचारलं."

काट्यावर कोणताही ट्रक नव्हता. ताई रेघांकडे बघत बसली.

घोळ कुठे झाला ते तिला क्षणात कळलं, आणि जगात दुसऱ्या कोणाला कळलंच नसतं. त्यांच्या आईने न्हाणीघराच्या दारामागे एक कॅलेंडर टांगलं होतं. दोघी पोरी पोहायच्या तलावावर जायच्या. पाळीच्या दिवसांत सुट्टी, आणि संपली की दुसऱ्या दिवसापासून दांडी मारायची नाही. म्हणून पाळी संपली की आई त्या तारखेला गोल करायची. ताईचा लाल, धाकटीचा हिरवा. सुरू कधी झाली हे त्या घरात कोणी लिहीतच नसे. मोजायचं ते गोलापासून पुढे. दोघी तशाच मोठ्या झाल्या, आणि कितवा दिवस विचारलं की दोघी गोलापासून मोजून सांगायच्या. डॉक्टरबाईंनी विचारलं पाळीचा कितवा दिवस, धाकटीने खरं सांगितलं, पाचवा. तो पाचवा दिवस आईच्या कॅलेंडरावरचा होता. बाईंच्या हिशेबाने दहावा.

म्हणजे आज रात्री तांबी लागू नव्हती. पुढच्या शुक्रवारपर्यंत नव्हती. आणि बोटवाला आठच्या गाडीने येत होता.

"हॅलो… हो, ऐकतेय ना… काय विचारतेस?… नक्की का?"

ताईने काही करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नव्हतं, कोणाला पाडायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. महिना-दीड महिना. मग कदाचित धाकटीचं पोट बोललं असतं, शिडी बंद झाली असती, आणि यादीतलं दुसरं नाव वर आलं असतं. कदाचित काहीच झालं नसतं. पण कदाचित झालं असतं.

"नक्की… हो, नक्की गं. डॉक्टरबाईंनी सांगितलंय ना, मग नक्कीच… लगेच लागू. हं."

हे तिने म्हटलं. कोणी म्हणायला लावलं नव्हतं. म्हटल्यावर तिने हातातलं पेन खाली ठेवलं आणि घाम पुसला, आणि खिडकीबाहेर एक ट्रक खरोखरच येऊन उभा राहिला.

"या, या, पुढे घ्या… हो गं, बोलत राहा तू… थांबा, अजून थोडं पुढे… बास!… हां, काय?… निश्चिंत झालीस. बरं झालं… माझ्यामुळे. हं… नाही, मी काय केलं… अगं पुरे आता, किती आभार मानशील? डोकं उठलं माझं."

धाकटी आता निवांत झाली होती, आणि निवांत झाली की तिच्या जिभेला हाड राहत नसे. ताईने वजन लिहिलं, सही घेतली, ट्रक घालवला. तिकडून बोलणं चालूच.

"हो ना… दोन वर्षं तरी नकोच… बरोबर आहे… त्याला पण पटलंय? चांगला आहे गं तुझा नवरा… काय?… काय म्हणालीस तू?"

आता ताई खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"परत म्हण… नाही, परत म्हण, मी नीट ऐकलं नाही… 'तुझ्यासारखं अडकायचं नाही मला.' असं म्हणालीस?… नाही, तू म्हणालीस! शब्द न् शब्द तोच म्हणालीस… तसं म्हणजे कसं? सांग ना, कसं? काचेच्या पेटीत बसून चौदा वर्षं ट्रक तोलत, असं? उंदराच्या पिंजऱ्याची भेट घेत, असं? घरी जाऊन एकाचं जेवण, एकीचा अभ्यास… अगं थांब, आता मी बोलतेय! माझ्यासारखं अडकायचं नाही म्हणे! मग मोजता येतं का तुला, बयाबाई? दिवस मोजता येतात का?… कसले म्हणजे? पाळीचे! पाचवा नाहीये तो! दहावा आहे, दहावा! तुझी तांबी आज लागू नाहीये, कळलं? पुढच्या शुक्रवारपर्यंत नाहीये! घे, आता मार उड्या!"

तोंडातून निघून गेलं. चांगुलपणाने नाही, संतापाने निघालं. पण निघालं ते निघालं, आणि ताई पुन्हा खुर्चीवर बसली.

"हो, खरं सांगतेय… गेल्या बुधवारी सुरू झाली तुझी. पॅड नेलीस ना माझ्याकडून? तिथून मोजायचं. सुरू झाली त्या दिवसापासून, संपली तिथून नाही… बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, तुझ्या बोटांवर मोज… आईचं कॅलेंडर विसर गं! आईला आपल्या पोहण्याची काळजी होती, तिला काय ठाऊक पुढे… हो, दहावा… बाईंना काय कळणार? त्यांना वाटलं असेल हलकी जाते हिची, लवकर थांबली. तू पाचवा म्हणालीस, त्यांनी पाचवा लिहिला."

मग तिकडून जे आलं त्याने ताईचे कान तापले.

"काय?… मी मुद्दाम?… आज रात्री तुझा नवरा येतोय हे मला बघवत नाही म्हणून मी… अगं, काय बोलतेस तू! जळते? मी जळते म्हणून?… पाच मिनिटांपूर्वी म्हणाले नक्की, आता म्हणते दहावा… हो, म्हणाले. हो, मीच म्हणाले नक्की… कारण काय म्हणजे?"

आता बोलायला कारण उरलं नव्हतं, खरं तेवढंच उरलं होतं. बाहेर ट्रकच्या भोंग्याचा आवाज आला. ताईने हात वर करून थांबा म्हटलं, मानही न वळवता.

"ऐक… मध्ये बोलू नकोस, ऐक ना… हो. जळते मी. जळतेच. मंगळवारपासून अंगाची लाही लाही होतेय माझ्या. तुझे बूट, तुझं पिवळं हेल्मेट, तुझी ती दुर्बीण, तुझा रोज फोन करणारा नवरा, सगळ्यावर जळते. पेढे खाल्ले ते घशात अडकले होते… हो, खरं… पण अगं मूर्ख मुली, डोकं चालव जरा! तुझ्या पोटात बाळ आलं तर जागा कोणाला जाते? यादी बघ… दुसरं नाव कोणाचं आहे?… मग! मला तुझी जागा हवी असती तर मी गप्प बसायचं होतं. आणि बसले होते. पाच मिनिटं बसले होते गप्प. म्हणून म्हणाले नक्की… हो. ऐकू आलं तुला बरोबर… नाही, मी बरी नाहीये, पण खोटी पण नाहीये. आता विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस."

एवढं बोलून ताईने फोन कानापासून जरा लांब धरला. तिकडून शिव्या येतील असं तिला वाटलं होतं. तिकडून नळाचं पाणी वाहण्याचा आवाज येत होता. धाकटी पडदे भिजवून नळ तसाच सोडून उभी असणार.

"नळ बंद कर… नळ बंद कर आधी, पाणी वाया जातंय… केलास?… हां… रडतेस का?… मग काय करतेस?… बरं, उभी राहा… काय? मला कसं माहीत?"

हा प्रश्न येणारच होता. नऊ वर्षं ताईने तो येऊ दिला नव्हता.

"मला कसं माहीत म्हणजे… माझी फेल नव्हती गेली, बारके… हो, सगळ्यांना तेच सांगितलं. तांबी फेल गेली, डॉक्टरची चूक, नशिबाची चूक. कोणाची चूक नव्हती. मी पण गोलापासून मोजलं होतं… हो, तस्साच. मला म्हणाल्या कितवा दिवस, मी म्हटलं सहावा. लाल गोलापासून सहावा. घरी आले, त्याच रात्री… मग पुढे पोट तपासायला गेले तेव्हा तिथल्या नर्सने विचारलं, रक्त सुरू झालं ती तारीख सांगा. तेव्हा डोक्यात उजेड पडला. नर्सच्या समोर बोटं मोजत बसले मी वेड्यासारखी… कोणाला नाही सांगितलं. ह्यांना पण नाही… लाज वाटली गं. दिवसभर टन-किलो मोजणारी मी, मला दहा दिवस मोजता आले नाहीत… हो, तुला सांगायला हवं होतं. सांगायला हवं होतं मी. नऊ वर्षं होती सांगायला."

बाहेरचा ट्रकवाला आता खाली उतरून खिडकीशी आला होता. ताईने त्याच्याकडे बघून बोटांनी दोन मिनिटं दाखवली. तिचा चेहरा बघून तो काही न बोलता परत गेला.

"काय म्हणतेस?… पोरगी नको होती का मला? असं विचारतेस?… नाही. अगं नाही! तिला कोण नको म्हणेल? सकाळी वेणी घालताना बडबड ऐक तिची, आठ वर्षांची म्हणायची का ऐंशी… तिच्यावाचून मला घर म्हणजे काय हे सुचत नाही. पण म्हणून क्रेन नको होती असं कुठे आहे? सगळे मला तेच सांगत आले, पोरगी मिळाली ना, मग झालं. झालं कुठे? मला दोन्ही हवं होतं, बारके. एकाच्या बदल्यात दुसरं नको होतं. दोन्ही… हं… हो, एवढंच."

हे तिने याआधी कोणाला म्हटलं नव्हतं, अगदी स्वतःलासुद्धा. म्हणून टाकल्यावर तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. नाक फुरफुरायला लागलं, तेवढंच.

"आता ऐक, नीट ऐक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, दवाखान्यात फोन लाव. सहापर्यंत उघडा असतो… त्यांना सांग, पाळी सुरू झाली ती तारीख ही, गेला बुधवार. पाचवा, दहावा काही सांगू नकोस, सरळ तारीख सांग. मग त्या सांगतील… हो, सात दिवस… सात दिवसांनी आपोआप लागू, परत जायला नको… अगं मग वीस दिवसांतले सात गेले, तेरा उरले, रडतेस कशाला! आणि सातही जायला नकोत. कंडोम म्हणून वस्तू असते जगात… लाजतो? तो लाजतो? जग फिरलेला माणूस औषधाच्या दुकानात लाजतो?… मग तू जा. तू पण लाजतेस? अगं, सोमवारी चौदा मजले चढायचेत तुला, दुकानाची एक पायरी चढ की!… हां. हस. आता हस… पहिले दोन-तीन महिने पाळी वेडीवाकडी येईल, मध्येच डाग दिसतील, त्याला पण घाबरू नकोस. आणि तांबीने आजार थांबत नाहीत, फक्त पोट थांबतं, हेही लक्षात ठेव… नाही गं, बोटवाल्यावर संशय नाही घेत मी. माहिती म्हणून सांगितलं."

काट्यामागे आता तीन ट्रक उभे होते. तिघांनीही आळीपाळीने भोंगे वाजवायला सुरुवात केली. ताईने डोळे पुसले, पदराने नाही, पावतीच्या कागदानेच, आणि गालाला शाई लागली ते तिला कळलं नाही.

"ठेवते मी. गर्दी झालीय… काय?… सोमवारी?… सात वाजता शिडीपाशी?… तुझं पहिलं चढणं बघायला."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. एवढं सगळं बोलून झाल्यावर कोणीही हो म्हटलं असतं.

"नाही येणार मी, बारके… नाही, काम नाहीये. सोमवारी रजा टाकलीय… आजारी नाहीये. मंगळवारीच टाकली, यादी लागली तेव्हाच… तू चढताना मला बघवणार नाही म्हणून… हो, अजून. आत्ता एवढं बोलले म्हणून गेलं असं नाही ना होत. अजून जळतेय… येईन. कधी ते सांगत नाही, पण येईन. एखाद्या दिवशी खाली उभी दिसेन तुला… हो, तुझ्या दुर्बिणीतून बघ… ए, रडू नकोस. तू रडलीस तर मी इथे ट्रकवाल्यांसमोर… बरं, रड. दवाखाना सहाला बंद होतो, त्याच्या आत रडून घे आणि फोन लाव… हो. हो गं. मी पण. ठेव… तू ठेव… बरं, मी ठेवते."